गाठीत सापडलेला गाव्रिल

पारास्किवा मावशींना सगळ्यात आधी हात धुवायचे होते, आणि नेमकं तेवढंच आम्ही त्यांना करू देत नव्हतो.

अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. रात्रभर स्वतःच्याच स्वयंपाकघरात खुर्चीला बांधलेली. सकाळी शेजारचा गाव्रिल दुधाची किटली घेऊन आला, दार उघडं दिसलं म्हणून आत डोकावला. आधी त्याने बोटांनी गाठ सोडवून पाहिली. सुटेना, तेव्हा खिशातल्या सुरीने दोर कापून त्याने त्यांना मोकळं केलं. आम्ही पोयानित्सा गावी पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. मावशी पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. अंगावर घोंगडी, आणि दोन्ही हात असे पुढे धरलेले, की जणू ते दुसऱ्याच कुणाचे आहेत. मनगटांवर दोराचे लाल वळ उठले होते. रात्री कपड्यांतच लघवी झाली होती, आणि त्या वासाची त्यांना इतकी लाज वाटत होती की आमच्यातल्या कुणाकडे त्या वर मान करून बघत नव्हत्या.

"पोरी, चुलीवर पाणी गरम आहे," त्या म्हणाल्या. "पाच मिनिटं दे मला. मग काय हवं ते विचार."

'पोरी' म्हणजे आमच्या स्मारांदाबाई. वय एक्कावन्न. जिल्हा पोलिसांत बावीस वर्षं त्या एकच काम करत आल्या होत्या: गुन्ह्याच्या जागेवरून डोळ्यांना न दिसणाऱ्या खुणा उचलायच्या आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत जिवापाड जपायच्या. मी कोस्तीन. फोटो काढतो आणि गाडी चालवतो. माणसाने एखादी वस्तू धरली की त्याच्या कातडीचे कण, घाम, थुंकीचा अंश तिथे राहतो. पण तो एवढासा असतो, की एकदा साबण लागला की संपला. आणि त्यावर आपणच शिंकलो तर चोराऐवजी आपण सापडतो.

बाई पांढरा अंगरखा, हातमोजे, मास्क अशा पूर्ण बंदोबस्तात होत्या. त्या मावशींसमोर जमिनीवरच बसल्या.

"मावशी, आधी तुमची मनगटं आणि नखं. ती झाली की लगेच हात धुवा. मग अंगावरचे कपडे मला द्या आणि न्हाऊन घ्या. वीस मिनिटं लागतील. एकविसावं लागलं तर मला हाकलून द्या."

मावशींनी हात मागे ओढले.

"तुझं तोंड दिसत नाही मला," त्या म्हणाल्या. "त्याचंही दिसत नव्हतं."

 बाई उठल्या, दाराबाहेर पडवीत गेल्या, चार पावलं लांब उभ्या राहिल्या आणि मास्क खाली केला.

"मी स्मारांदा. दोन पोरींची आई. माहेर इथलंच, नदीच्या खालच्या अंगाला."

मावशींनी डोळे बारीक करून पाहिलं. "नाक मोठं आहे तुझं."

"बापाचं आहे. जमिनीचा तुकडा नाही मिळाला, हे मिळालं."

मावशींच्या तोंडावर काहीतरी हललं. हसू म्हणवत नाही, पण हात पुढे आले. बाईंनी नवा मास्क, नवे हातमोजे चढवले, तेव्हाच आत पाऊल टाकलं. आणि काम सुरू करण्याआधी नोंदवहीत लिहिलं: 'दहा बावन्न. पीडितेच्या सांगण्यावरून दाराबाहेर, चार पावलांवर मास्क काढला. बोलले. नवा मास्क, नवे हातमोजे.'

मग मनगटावरून आधी ओलसर कापसाची काडी, त्याच जागेवरून पुन्हा कोरडी. प्रत्येक काडी वेगळ्या खोक्यात. अठराव्या मिनिटाला मावशी हात धूत होत्या. कोपरापर्यंत, दोनदा, तीनदा. बाई पाठमोऱ्या उभ्या राहिल्या आणि मलाही त्यांनी खुणेने भिंतीकडे तोंड करायला लावलं.

दोर जमिनीवर पडला होता. चोराने मावशींचे दोन्ही हात मांडीवर एकत्र बांधले होते आणि उरलेला दोर खुर्चीभोवती गुंडाळला होता. तालुक्याच्या ठाण्याचे ओनोफ्रेई साहेब त्यावर वाकून बघायला लागले.

"हा गाव्रिल बघा. लाकूडचोरीत दोन वर्षं आत होता. आणि आज नेमका हाच पहिला..."

"साहेब, बोलायचं असेल तर अंगणात," बाई म्हणाल्या. "दोरावर कुणी तोंड उघडायचं नाही."

साहेब लाल झाले, पण बाहेर गेले.

बाईंनी गाठीला हात लावला नाही. गाठ सोडली की आतली घडी बाहेर येते आणि सगळ्याची सरमिसळ होते. गाव्रिलच्या सुरीने जिथे कापलं होतं त्या टोकांना त्यांनी लाल पट्टी लावली. गाठ मारताना चोराने ओढलेली जी मूळ टोकं होती, त्यांना निळी. मग सगळं कागदी पिशवीत. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते आणि पुरावा कुजतो. ऑफिसात आल्यावर तो दोर रात्रभर वाळवणीच्या कपाटात टांगला, नवा कागद, नवं सील, तारीख, सही. वीस वेळा पाहिलेलं हे सगळं मी पुन्हा पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, एवढं कुणी स्वतःच्या लग्नाचा पोशाखही जपत नाही.

चोरीला एकच वस्तू गेली होती. भिंतीवरची संत पारास्किवाची लाकडावर रंगवलेली तसबीर, मावशींच्या आईची. जिच्या नावावरून मावशींचं नाव ठेवलं, तीच.

गाव्रिलचा नमुना घेणं भाग होतं. त्याने दोराला हात लावला होता, तेव्हा त्याच्या खुणा बाजूला काढायला हव्यात, असं बाईंनी त्याला समजावलं. त्याने आ वासला. त्यांनी गालाच्या आतून काडी फिरवली.

"झालं? एवढंच?" तो म्हणाला. "दाताच्या डॉक्टरपेक्षा तुम्ही बऱ्या. तो थुंकायला लावतो आणि वर ओरडतो."

"तुझ्या भल्यासाठीच आहे हे," बाई म्हणाल्या.

हे वाक्य नंतर त्यांना फार छळणार होतं.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. गाठीच्या बाहेरच्या भागावर गाव्रिलचा डीएनए, म्हणजे अपेक्षित तेच. पण गाठीच्या आतल्या घडीतही गाव्रिल. आणि दुसरं कुणीच नाही. मावशींच्या मनगटांवरच्या आणि नखांतल्या काड्यांतूनही काही हाती लागलं नाही.

"बाहेरून बोटं लावली असतील, मान्य," ओनोफ्रेई साहेब म्हणाले. "आत कसा शिरला हा? गाठ बांधणाऱ्याचाच हात आत जातो. स्वतः बांधलं, स्वतः सोडवलं आणि वर शाबासकी घेतली." त्याच दिवशी त्यांनी गाव्रिलला गोठ्यातून उचलला. वृत्तपत्रात बातमी आली. पोयानित्सातल्या लोकांनाही आठवायला लागलं की गाव्रिलची नजर तशी पहिल्यापासून बरी नव्हती.

मावशी मात्र ठाण्यात जाऊन सांगून आल्या की तो गाव्रिल नव्हता. तोंड पाहिलंत का, असं साहेबांनी विचारलं. नाही, म्हणाल्या. मग, साहेब म्हणाले, मग कशावरून?

बाई दोन दिवस जेवल्या नाहीत म्हटलं तरी चालेल. तिसऱ्या दिवशी चहाचा कप तसाच ठेवून मला म्हणाल्या, "कोस्तीन, तो दोर आला कुठून?"

"घरातलाच होता, असं पंचनाम्यात आहे."

"घरातला म्हणजे कुठला?"

मला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. बाई ओनोफ्रेई साहेबांकडे गेल्या, तेव्हा ते म्हणाले, "बाई, तुमचं काम कापूस फिरवायचं. चोर पकडायचं माझं. तो पकडलाय. आणि हो, ती मास्क काढल्याची ओळ नोंदवहीतून काढा. उगीच बचावाच्या वकिलाला खाऊ कशाला?"

"घडलं ते लिहिलंय," बाई म्हणाल्या. "काढणार नाही."

तिथून त्या सरळ सरकारी वकिलांकडे गेल्या. त्या वकील तरुण होत्या, तीनच वर्षांची नोकरी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि पुन्हा तपासणी करण्याच्या परवानगीवर सही केली.

आम्ही पुन्हा पोयानित्साला गेलो तेव्हा बर्फ पडून गेला होता. मावशींनी लिंडेनच्या फुलांचा चहा केला. भिंतीवर तसबिरीच्या जागी कॅलेंडरातून कापलेलं संत पारास्किवाचं चित्र टाचणीने लावलं होतं.

"दोर?" मावशी म्हणाल्या. "माझी कपडे वाळत घालायची दोरी ती. जुनी कुजली, म्हणून ऑगस्टात, सांत मारियाच्या सणाच्या आदल्या दिवशी, गाव्रिलनेच नवीन बांधून दिली. खांबापासून चेरीच्या झाडापर्यंत. त्या मेल्या चोराने अंगणातूनच कापून आणली. अर्धी अजून बाहेर लोंबतेय."

बाईंनी कप खाली ठेवला. "हे तुम्ही साहेबांना सांगितलं?"

"दोरी कुणाची, असं विचारलं त्यांनी. माझी म्हटलं. बांधली कुणी, ते कुठे विचारलं?"

मी बाईंकडे पाहिलं. गाव्रिलने नवी दोरी हातातून सोडली, ताणली, पिळली. तिच्या वीतभर लांबीलाही त्याचा हात लागल्यावाचून राहिला नसेल. मग तिची गाठ कुणीही मारो, आत गाव्रिल असणारच. आणि चोराने हातमोजे घातले असतील, तर तो कुठेच नसणार.

"मावशी," बाई हळू म्हणाल्या, "नको वाटत असेल तर राहू दे. पण त्याने बांधलं कसं, ते सांगाल?"

मावशींनी चहातली फुलं चमच्याने बाजूला सारली.

"मी हात सोडवायला बघत होते. त्याने एका हाताने माझी दोन्ही मनगटं दाबून धरली. मग गाठ आवळायला एकच हात उरला, तो पुरेना. त्याने तोंडावरचं फडकं वर सारलं. मी डोळे गच्च मिटले. म्हटलं, तोंड पाहिलं तर हा मला जिवंत ठेवणार नाही. त्याचा श्वास लागला माझ्या हातांना. गरम. कांद्याचा वास. शिवताना आपण दोरा दातात धरून ओढतो ना, तसं ओढलं त्याने. मी डोळे मिटले म्हणून मला काही दिसलं नाही, आणि दिसलं नाही म्हणून मला वाटलं, सांगण्यासारखं काही नाहीच."

"दातांनी," बाई म्हणाल्या.

"दातांनी. मी भ्याले गं. एकदा डोळे उघडले असते तर तो बिचारा आत नसता."

बाईंनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. त्या दिवशी हातमोजे नव्हते, लागतही नव्हते. "मावशी, तुम्ही डोळे मिटलेत म्हणून आज माझ्याशी बोलताय. बाकीचं माझ्यावर सोडा."

मग आम्ही अंगणात गेलो. खांबाची गाठ पावसात, बर्फात नुसती धुऊन निघाली होती. पण चेरीच्या फांदीवरची गाठ घराच्या वळचणीखाली होती, घट्ट, आणि तिच्या पोटात पाणी शिरलं नसण्याची शक्यता होती. ती फांदीवरून सोडवायची तर उलगडायला लागणार. बाई झाडाकडे बघत उभ्या राहिल्या.

"फांदी कापावी लागेल," त्या म्हणाल्या.

"दर उन्हाळ्याला दोन टोपल्या देते ती फांदी," मावशी पडवीतून म्हणाल्या. मग लगेच, "करवत गोठ्यात आहे. कापा."

मी फोटो काढले, नवे हातमोजे चढवून करवत चालवली. बाईंनी फांदीचा तुकडा गाठीसकट खोक्यात ठेवला आणि त्यावर मावशींची साक्षीदार म्हणून सही घेतली. मावशींनी नाव एकेक अक्षर करून लिहिलं.

निळ्या पट्टीचं टोक कुणी तपासलंच नव्हतं. गाठीत गाव्रिल सापडल्यावर सगळे इतके खूश झाले होते की पुढे बघायची कुणाला गरज वाटली नाही. ते टोक आमच्या कोठारात कोरडं, सीलबंद पडून होतं. बाईंनी ते फांदीसोबत पाठवलं. पत्रात लिहिलं, की थुंकीचा अंश असल्यास फार थोडा असेल, एकदाच तपासता येईल, कृपया सांभाळून.

मग वाट बघणं. बाई त्या दिवसांत ऑफिसात सगळ्यांवर खेकसायच्या आणि मग सगळ्यांना बिस्किटं आणायच्या. गाव्रिलच्या बहिणीने त्याची गाय विकली, असं कानावर आलं. बघायला कुणी नव्हतं आणि हिवाळाभर चारा कुठून आणणार? हे ऐकल्यावर बाई उठून संडासात गेल्या आणि खूप वेळाने बाहेर आल्या. डोळे लाल होते. 

नाताळानंतर निकाल आला. फांदीवरच्या गाठीत गाव्रिल होता, म्हणजे दोरीवर तो ऑगस्टापासूनच होता. आणि निळ्या पट्टीच्या टोकावर थुंकी होती, दुसऱ्या एका पुरुषाची. तो पुरुष नोंदीतही निघाला. शेजारच्या जिल्ह्यात चर्चमधल्या तसबिरी चोरताना वर्षापूर्वी पकडला गेलेला. गावोगाव जुन्या पेट्या-खुर्च्या विकत घेत फिरायचा. सप्टेंबरात तो मावशींच्या घरी पाणी पिऊन, भिंती बघून गेला होता. तसबीर मात्र मिळाली नाही. ती सीमेपलीकडे कुणाच्या दिवाणखान्यात असेल.

गाव्रिल सत्तेचाळीस दिवसांनी सुटला. ओनोफ्रेई साहेबांनी त्याला घरी सोडायला गाडी देऊ केली, तर तो एकवीस किलोमीटर चालत गेला.

जूनमध्ये खटला उभा राहिला. चोराच्या वकिलाने बाईंना दोन तास पिंजऱ्यात उभं केलं. मास्क काढल्याची ओळ त्याला सापडलीच.

"म्हणजे गुन्ह्याच्या जागेवर आपण मास्क काढलात?"

"दाराबाहेर. चार पावलं लांब."

"बावीस वर्षांच्या अनुभवानंतरही?"

"बावीस वर्षांच्या अनुभवामुळेच," बाई म्हणाल्या. "घाबरलेला माणूस हात पुढे करत नाही. आणि माझा नमुना प्रयोगशाळेकडे आहे. माझा अंश दोरावर सापडला असता तर अहवालात आला असता. आलेला नाही."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "ही ओळ तुम्ही लिहिली नसती तर कुणाला कळलंही नसतं."

"हो, साहेब," बाई म्हणाल्या. एवढंच.

चोराला सहा वर्षांची शिक्षा झाली. कोर्टाबाहेर मावशींनी बाईंना अक्रोडाची पिशवी देऊ केली. बाईंनी नियम सांगितला. मावशींनी नियमाला चार शिव्या घातल्या आणि पिशवी माझ्या गाडीत मागच्या सीटवर 'विसरल्या'.

एक काम राहिलं होतं. बाई ते सहा महिने टाळत होत्या. जुलैत एका सकाळी मला म्हणाल्या, "गाडी काढ. पोयानित्सा."

गाव्रिल डोंगरउतारावर एकटाच वाळलेलं गवत ओढत होता. आम्हाला पाहून तो थांबला नाही. बाई चढण चढून त्याच्यापर्यंत गेल्या, धापा टाकत.

"गाव्रिल, तुझ्या तोंडात काडी मी घातली होती. तुझ्या भल्यासाठी आहे, असं म्हटलं होतं मी. माफी मागायला आले."

त्याने दाताळं रोवलं. "मी थुंकी दिली विश्वासाने. तिच्यावर मला आत टाकलं."

"हो."

"गाईचं नाव यॉआना होतं. बहिणीने खाटकाला नाही दिली, एवढं बरं. पण खालच्या गावात आहे आता, दुसऱ्याच्या गोठ्यात. मी गेलो होतो बघायला. ओळखलं तिने मला."

बाईंनी खांद्यावरची पिशवी पुढे घेतली. 

"मला माझी थुंकी परत पाहिजे," तो एकदम म्हणाला. "तुमच्या त्या कपाटात माझा काही अंश राहायला नको. उद्या कुठे काही झालं की पुन्हा माझ्याच दारात येणार तुम्ही."

मला वाटलं बाई समजावतील. त्यांनी पिशवी उघडली आणि एक छापील कागद काढला. नमुना आणि त्याची नोंद नष्ट करण्याचा अर्ज. स्वतःच्या हाताने अर्धा भरून आणला होता.

"हे होईल की नाही, मी खात्रीने सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "नाही म्हणू शकतात. वेळ लागेल. पण मी मागे लागेन."

गाव्रिलने कागद हातात धरून सावकाश, ओठ हलवत वाचला. मग बाईंच्या पाठीचं टेबल करून त्यावर सही केली.

"उत्तर आलं की पोस्टाने पाठवू नका," तो म्हणाला. "हो असो की नाही, तुम्ही स्वतः येऊन सांगा."

"येईन."

पश्चिमेकडून ढग चढत होते. त्याने आभाळाकडे पाहिलं, उरलेल्या गवताकडे पाहिलं, आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "गोठ्यात अजून दोन दाताळी आहेत."

आम्ही चार वाजेपर्यंत गवत ओढलं. बाईंच्या दोन्ही तळव्यांना फोड आले. पावसाचे पहिले थेंब पडले तेव्हा शेवटचा ढीग छपराखाली गेला होता. मग गाव्रिलने मामालिगा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा, आणि मेंढीचं चीज समोर ठेवलं, आणि आम्ही तिघं फारसं न बोलता जेवलो.

अर्ज मंजूर झाल्याचं पत्र डिसेंबरात आलं. रस्ता बर्फाने बंद होता, म्हणून बाईंना आठ दिवस थांबावं लागलं. नवव्या दिवशी त्यांनी मला सकाळी सहाला फोन केला आणि चाकांना साखळ्या लावून ठेवायला सांगितलं.